फिरत्या तांत्रिक प्रशिक्षकाचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअर, नेटवर्क, यंत्रांची देखभाल किंवा मोजमापाची उपकरणं शिकवण्यासाठी सतत प्रवासात असणाऱ्यांना आणि या कामात नव्याने येणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबलचक आहेत. ती ज्या गोष्टींची आहेत, तिथेच बॅच (एका गटाचा प्रशिक्षणवर्ग) बहुतेक वेळा फसते.

आठवडा साधारण कसा जातो?

आदल्या दिवशी प्रवास आणि शक्य झालं तर संध्याकाळीच खोलीची पाहणी. मग तीन ते पाच दिवस रोज सहा-सात तास शिकवणं, रात्री दुसऱ्या दिवसाची लॅब (प्रत्यक्ष सरावाचा भाग) पुन्हा एकदा चालवून बघणं आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी परतीचा प्रवास. त्याशिवाय पुढच्या बॅचची पत्रापत्री, बिलं आणि साहित्य अद्ययावत करणं ही कामं असतातच, आणि ती हॉटेलच्या खोलीत किंवा विमानतळावर उरकावी लागतात. फिरायला मिळेल या आशेने कोणी येत असेल, तर शहराचा ओळखीचा भाग म्हणजे स्टेशन, हॉटेल आणि वर्गखोली यांच्यामधला रस्ता, एवढं धरून चालावं.

विषय पक्का येतो. तेवढं पुरेल का?

नाही. विषय येणं ही पहिली पायरी झाली. वर्गात एकाच वेळी चार गोष्टी सांभाळाव्या लागतात: बोलणं, स्वतःच्या पडद्यावरचं प्रात्यक्षिक, घड्याळ आणि मागच्या रांगेत अडकलेला माणूस. ही सवय लावायची तर आधी दुसऱ्या प्रशिक्षकाच्या वर्गात सहायक म्हणून बसा, मग एक-दोन भाग स्वतः घ्या आणि त्यानंतर पूर्ण बॅच घ्या. एखाद्या कंपनीचा अधिकृत अभ्यासक्रम शिकवायचा असेल, तर तिची प्रशिक्षक-मान्यता लागते. ती बहुधा कायमची नसते. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टच्या प्रशिक्षक-मान्यतेचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं.

बॅच ठरली की ग्राहकाला आधी काय विचारायचं?

निदान दोन आठवडे आधी एक प्रश्नावली पाठवा आणि उत्तरं लेखी घ्या. फोनवरच्या ‘सगळं आहे, काळजी करू नका’ला काही अर्थ नसतो, कारण फोनवर बोलणारे असतात मनुष्यबळ विभागातले आणि खोलीची चावी असते तिसऱ्याच माणसाकडे. प्रश्नावलीत निदान एवढं हवं:

- किती जण येणार आणि त्यांचं सध्याचं काम काय. पदनाम नको, रोज काय करतात ते हवं.
- लॅपटॉप कोणाचे, त्यांत किती रॅम, किती मोकळी जागा, प्रोसेसर एक्स८६ की आर्म (हे दोन वेगळे प्रकार), आणि सॉफ्टवेअर बसवायचा अधिकार वापरणाऱ्याला आहे की नाही.
- बाहेरच्या माणसाचा लॅपटॉप त्यांच्या नेटवर्कला जोडू देतात का. पेनड्राइव्ह चालतात का.
- खोलीचा फोटो. मांडणी, खिडक्या, पडदे, प्लगच्या जागा आणि प्रोजेक्टरची केबल कुठवर पोहोचते, हे एका फोटोत कळतं.
- सकाळी खोली उघडणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर. संगणक विभागातल्या एका माणसाचाही.
- प्रवेशपास लागतो का, आणि उपकरणांची गेटवर नोंद करावी लागते का. नोंद न करता आत नेलेली पेटी बाहेर काढताना सुरक्षारक्षक अडवतो. तो त्याचं कामच करत असतो, पण विमान मात्र थांबत नाही.

कारखान्यात यंत्रावर शिकवायचं असेल तर आणखी एक प्रश्न घाला: यंत्र कोणत्या वेळी उत्पादनातून मोकळं मिळणार, आणि वीज तोडून कुलूप व पाटी लावण्याची तिथली पद्धत काय आहे. प्रत्येक काम करणाऱ्याचं स्वतःचं कुलूप हवं. प्रशिक्षकाचंही.

लॅबसाठी ग्राहकाचं इंटरनेट वापरावं का?

ते मिळालं तर बोनस समजा आणि लॅब त्याच्याशिवाय चालेल अशी बांधा. हिशेब साधा आहे. व्हर्च्युअल मशीनची (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाची) फाइल ५ जीबीची आणि वर्गात १६ जण, म्हणजे एकूण ८० जीबी. १०० मेगाबिटची लाइन पूर्ण आपल्यालाच मिळाली, तरी पावणेदोन तासांहून जास्त लागतात. तीच फाइल आपल्या लॅपटॉपवरून गिगाबिट स्विचमधून दिली, तर बारा मिनिटांच्या आसपास काम होतं.

नेहमीचा संच असा: छोटा प्रवासी राउटर, २४ पोर्टचा गिगाबिट स्विच (१६ जण, तुमचा लॅपटॉप आणि राउटर मिळून १८ पोर्ट जातात, उरलेले मेलेल्या पोर्टांसाठी), प्रत्येकासाठी एक केबल आणि वर चार जादा. लॅपटॉपवर साधा वेब सर्व्हर, त्यावर सगळ्या फाइली, त्यांचे चेकसम (फाइल न बिघडता उतरली का हे पडताळायचे आकडे) आणि लागणाऱ्या पॅकेजेसची स्थानिक प्रत. अनेक नव्या लॅपटॉपना नेटवर्क केबलचं पोर्टच नसतं, म्हणून यूएसबीवर चालणारे चार-पाच इथरनेट अडॅप्टरही ठेवा.

ग्राहकाचं नेटवर्क वापरावंच लागलं तर अडचणी ठरलेल्या असतात:

पाहुण्यांच्या वायफायवर बहुतेक ठिकाणी एका यंत्राला दुसरं यंत्र दिसू देत नाहीत. सगळ्यांना इंटरनेट मिळतं, पण तुमचा सर्व्हर कोणालाच सापडत नाही. लोक अर्धा तास फायरवॉल तपासत बसतात, आणि दोष तिथे नसतोच.

कंपनीचा प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणारी रहदारी ज्यातून जाते तो मधला सर्व्हर) सुरक्षित जोडणी मध्येच उघडून तपासत असेल, तर ब्राउझर व्यवस्थित चालतो, कारण कंपनीचं प्रमाणपत्र ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच घातलेलं असतं. गिट, पिप, एनपीएम आणि डॉकर ही प्रोग्रामरांची साधनं मात्र अनेकदा प्रमाणपत्राची चूक दाखवतात. संगणक विभागाकडून ते मूळ प्रमाणपत्र फाइल म्हणून मागून घ्या आणि प्रत्येक साधनाला त्याचा मार्ग द्या. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणं सोपं वाटतं, पण वर्गात ते शिकवलं की लोक कामावरही तसंच करतात.

डॉकरचं (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाचं) अंतर्गत नेटवर्क मूळ मांडणीत १७२.१७.०.० या आयपी पत्त्यापासून सुरू होतं. ग्राहकाच्या ऑफिसातही तीच मालिका असेल, तर डॉकर सुरू होताच त्यांचे काही सर्व्हर दिसेनासे होतात. आपला राउटरही १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० वर ठेवू नका. घरोघरी आणि ऑफिसांत तेच असतं. १०.७३.२१.० सारखी आडवळणाची मालिका निवडा.

डॉकर हब या ऑनलाइन साठ्यावरून नोंदणीशिवाय इमेज (डॉकरमध्ये चालवायचे तयार संच) उतरवायला आयपी पत्त्यामागे मर्यादा आहे. पूर्ण वर्ग एकाच पत्त्यामागे असतो, त्यामुळे पहिले काही जण सुटतात आणि बाकीच्यांना नकार येतो. इमेज आधीच फाइलमध्ये साठवून नेल्या की हा प्रश्नच येत नाही.

आणि राउटर त्यांच्या नेटवर्कला जोडण्याआधी विचारा. चुकून लॅनचं (आतल्या नेटवर्कचं) पोर्ट जोडलं गेलं, तर तुमचा राउटर त्यांच्या अख्ख्या मजल्याला आयपी पत्ते वाटू लागतो.

प्रशिक्षणार्थींच्या लॅपटॉपवर नेहमी काय अडतं?

व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीन चालवायची प्रोसेसरची सोय) बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असणं, आणि बायोसला असा पासवर्ड असणं जो वर्गातल्या कोणालाच माहीत नाही. त्याखालोखाल, इन्स्टॉलरला प्रशासकाचा अधिकार लागणं. तिसरी अडचण नवी आहे: आर्म प्रोसेसरच्या लॅपटॉपवर एक्स८६साठी बांधलेली व्हर्च्युअल मशीन चालत नाही, किंवा अनुकरणाने इतकी हळू चालते की चालली नाही तरी चालेल.

बॅचच्या पाच दिवस आधी एक छोटी तपासणी-स्क्रिप्ट पाठवा. ती रॅम, जागा, प्रोसेसर आणि व्हर्च्युअलायझेशन तपासून ‘तयार’ किंवा ‘तयार नाही’ एवढंच सांगेल. तिचा निकाल परत मागवा. ज्यांचा आला नाही, त्यांचे लॅपटॉप तयार नाहीत असं धरा.

पेनड्राइव्हवर फाइली देणार असाल, तर तो एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीत फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि कधी कधी चूक ‘जागा अपुरी’ अशी दिसते, त्यामुळे खरं कारण कळत नाही.

प्रोजेक्टरशी जुळत नाही. कोणत्या केबली जवळ ठेवाव्यात?

एचडीएमआयची स्वतःची पाच मीटर केबल, यूएसबी-सीवरून एचडीएमआय आणि यूएसबी-सीवरून व्हीजीए असे दोन अडॅप्टर. व्हीजीए अजून मेलेलं नाही. जुन्या सभागृहांच्या भिंतीत तेच गाडलेलं आहे. यूएसबी-सीचं प्रत्येक पोर्ट चित्र बाहेर देत नाही. काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात, तेव्हा आपल्या लॅपटॉपचं नेमकं कोणतं पोर्ट चालतं ते घरीच बघून ठेवा.

चित्र आलं नाही तर याच क्रमाने बघा: प्रोजेक्टरवर योग्य इनपुट निवडलाय का, केबल दुसरी लावून, रिझोल्यूशन १९२० × १०८० किंवा त्याहून खाली आणून, शेवटी प्रोजेक्टर सुरू असताना लॅपटॉप रीस्टार्ट करून. वर्गात चारही पायऱ्या पाच मिनिटांत आटोपतात.

अनेक वर्गांतले प्रोजेक्टर मुळात १२८० × ८०० चे असतात. त्यावर मोठं रिझोल्यूशन दाखवता येतं, पण अक्षरं चुरगळतात. टर्मिनलचा (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा) फॉन्ट २० पॉइंटच्या वर ठेवा आणि शेवटच्या खुर्चीत बसून स्वतः वाचून बघा. काळ्या पार्श्वभूमीचं टर्मिनल उजेडाच्या खोलीत दिसतच नाही. पांढऱ्यावर काळं ठेवा, मग आवड काहीही असो.

विजेचं काय बघायचं?

ट्रॅव्हल अडॅप्टर प्लगचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे तो कुठेही चालतो. सोल्डरिंग स्टेशन, हीटगन किंवा मोटर असलेलं साधन तसं नसतं. त्याची पाटी वाचा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळवता येतं, फ्रिक्वेन्सी नाही: ५० हर्ट्झची साधी इंडक्शन मोटर ६० हर्ट्झवर सुमारे २० टक्के जास्त वेगाने फिरते, आणि ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो.

अनेक जण एक अडॅप्टर आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेतात. कल्पना चांगली आहे, पण बोर्ड १२० व्होल्टचा आणि त्यात सर्ज-संरक्षण (व्होल्टेज अचानक वाढल्यास वाचवणारा भाग) असेल, तर २३० व्होल्टवर ते संरक्षणच जळतं.

वर्गाचा भारही मोजा. ६५ वॅटचे १६ लॅपटॉप म्हणजे १,०४० वॅट. २३० व्होल्टवर हे साडेचार अँपिअर झाले, १२० व्होल्टवर पावणेनऊच्या आसपास. १२० व्होल्टच्या १५ अँपिअर सर्किटवर कोणी चहासाठी १,५०० वॅटची किटली लावली की ब्रेकर पडतो. तेव्हा किटली दुसऱ्या खोलीत. आणि एका बोर्डाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी माळ लावू नका.

विमानात कोणतं सामान हाताशी ठेवायचं आणि कोणतं चेक-इन करायचं?

नियम एअरलाइननुसार थोडे बदलतात, पण लिथियम बॅटरीचा गाभा सगळीकडे सारखा आहे. सुटी बॅटरी आणि पॉवरबँक फक्त हातातल्या बॅगेत. १०० वॅट-तासांपर्यंत साधारणपणे परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत एअरलाइनची आधी परवानगी आणि जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या, १६० च्या वरची प्रवासी सामानात चालत नाही. वॅट-तास म्हणजे अँपिअर-तास गुणिले व्होल्ट: २०,००० मिलिअँपिअर-तासांची ३.७ व्होल्टची पॉवरबँक ७४ वॅट-तासांची. आकडा छापलेला नसेल किंवा पुसला गेला असेल, तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेऊ शकतात. सुट्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा.

स्क्रूड्रायव्हर, पक्कड, कटर चेक-इनमध्ये. सफाईचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि गॅसवरचा सोल्डरिंग आयर्न कशातच नाही: पहिलं पोहोचल्यावर विकत घ्या, दुसऱ्याऐवजी विजेवरचा न्या. एका पेटीचं वजन ३२ किलोच्या वर गेलं, तर ती साधं सामान म्हणून घेत नाहीत, आणि अनेक तिकिटांवर मर्यादा २३ किलोच असते. पेटी भरून घरीच काट्यावर ठेवा.

लॅपटॉप, साहित्याची ड्राइव्ह, प्रोजेक्टरचे अडॅप्टर आणि एका दिवसाचे कपडे कधीही चेक-इन करू नका. पेटी आली नाही तरी पहिला दिवस घेता आला पाहिजे. साहित्याच्या तीन प्रती ठेवा: लॅपटॉपवर, वेगळ्या बॅगेतल्या ड्राइव्हवर आणि ऑनलाइन.

प्रशिक्षणाची उपकरणं परदेशी न्यायची तर सीमाशुल्क भरावं लागतं का?

परत आणणार असाल आणि दोन्ही देश या व्यवस्थेत असतील, तर एटीए कार्नेट काढा. १९६१ च्या करारावर उभी असलेली ही तात्पुरत्या आयातीची सोय आहे. व्यावसायिक उपकरणं, नमुने आणि प्रदर्शनाचा माल त्यात येतो, आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. वाणिज्य मंडळाच्या व्यवस्थेतून ते मिळतं आणि हमी ठेवावी लागते.

यादीत प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक आणि किंमत लिहा. एकदा कार्नेट निघालं की यादीत भर घालता येत नाही. वायर, सोल्डर, वाटायच्या पुस्तिका अशा संपणाऱ्या वस्तू यात बसत नाहीत. घरचा देश सोडतानाचा शिक्का, तिकडे उतरल्यावरचा, तिथून निघतानाचा आणि परत आल्यावरचा, हे चारही हवेत. घाईत तिसरा राहतो. मग माल त्या देशातच राहिला असं समजून काही महिन्यांनी शुल्काची मागणी येते. परतीच्या दिवशी विमानतळावर यासाठी तासभर वेगळा ठेवा.

बिझनेस व्हिसावर शिकवता येतं का?

देशानुसार बदलतं. अनेक ठिकाणी बैठका आणि वाटाघाटी बिझनेस व्हिसात बसतात, पण मोबदला घेऊन शिकवणं हे ‘काम’ धरलं जातं आणि परवाना लागतो. ग्राहकाचं ‘आमच्याकडे सगळे असेच येतात’ हे उत्तर इमिग्रेशनच्या काउंटरवर उपयोगी पडत नाही. दूतावासाच्या अधिकृत पानावर वाचा आणि निमंत्रणपत्रात कामाचं स्वरूप खरं लिहून घ्या.

शेंगेन भागात (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) कमी मुदतीच्या मुक्कामाची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. प्रवेशाचा आणि बाहेर पडण्याचा दिवसही मोजला जातो. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक आणि निदान दोन कोरी पानं ठेवलीत, तर बहुतेक ठिकाणी निभतं.

वेळेचा फरक कसा सांभाळायचा?

पूर्वेकडे जाणं पश्चिमेपेक्षा जड जातं, कारण शरीराला झोप उशिरा घेणं जमतं, लवकर घेणं जमत नाही. दर तासाच्या फरकाला साधारण एक दिवस असा ठोकताळा आहे. तेवढे दिवस कोणी देत नाही. पाच तासांहून जास्त फरक असेल, तर बॅचच्या दोन दिवस आधी पोहोचण्याची अट करारात घाला.

रोज सहा तास बोलून घसा बसतो. उपाय?

बाराहून जास्त माणसं असतील, तर माइक मागा. ‘माझा आवाज मोठा आहे’ हे बुधवारपर्यंत खरं असतं. पाणी घोटघोट, दिवसभर. घसा खाकरू नका, त्याऐवजी गिळा. कुजबुजल्याने आराम मिळत नाही, उलट ताण पडतो. आवाज बसलाच तर हळू पण साध्या सुरात बोला. सगळ्यात मोठा उपाय मात्र आखणीतला आहे: निम्मा वेळ लॅबला द्या. शिकणाऱ्यांच्याही ते फायद्याचं. तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पायांसाठी बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा.

वर्गात कोणी नवखा, कोणी जाणकार. वेग कसा ठरवायचा?

मधल्याला धरून चाला. प्रत्येक लॅबचे तीन टप्पे करा: सगळ्यांनी पूर्ण करायचा, बहुतेकांनी करायचा आणि ज्यांचं आधी होईल त्यांच्यासाठी. तिसरा टप्पा खराच अवघड हवा, नाहीतर जाणकार ईमेल उघडतात आणि दिवस संपतो तरी परतत नाहीत. जाणकाराला नवख्याशेजारी बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. काही जाणकार शेजाऱ्याचा कीबोर्ड ओढून स्वतःच टाइप करतात, त्यांना वेगळं बसवलेलं बरं.

दर लॅबच्या शेवटी तयार अवस्थेची प्रत ठेवा. मागे पडलेल्याला ती देऊन पुढच्या लॅबला सगळ्यांबरोबर आणता येतं. हे न केल्यास सोमवारची एक चूक गुरुवारपर्यंत त्याच माणसाला आडवी येते.

जेवणानंतर स्लाइड नकोत, लॅब घ्या. नव्वद मिनिटांपेक्षा लांब सत्र नको.

उत्तर माहीत नसेल तर?

‘मला माहीत नाही, उद्या सकाळी सांगतो’ म्हणा, प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि सकाळी पहिलं काम म्हणून उत्तर द्या. अंदाजाने दिलेलं उत्तर वर्गातला एखादा तिथल्या तिथे शोधून तपासतो. (फळ्यावर चुकून पक्क्या शाईचा मार्कर वापरला गेला, तर त्याच रेघांवरून पुसायच्या मार्करने गिरवा आणि लगेच पुसा. निघतं.)

फीमध्ये काय काय धरायचं?

शिकवण्याचे दिवस, प्रवासाचे दिवस (बरेच जण निम्म्या दराने लावतात) आणि अभ्यासक्रम ग्राहकासाठी बदलावा लागला तर तयारीचे दिवस. प्रवासखर्च प्रत्यक्ष बिलांवर की ठोक, हे आधी ठरवा. ठोक रकमेत हिशेबाची कटकट वाचते, पण तिकीट उशिरा काढलं तर तोटा तुमचा.

रद्द करण्याचं कलम हवंच: जितकं उशिरा रद्द, तितकी जास्त टक्केवारी, आणि शेवटच्या आठवड्यात पूर्ण फी. तारीख पुढे ढकलणं हेही रद्द करणंच धरावं, कारण त्या आठवड्यात दुसरं काम घेता येत नाही. खरेदी-आदेशाचा क्रमांक निघायच्या आधी मिळवा. त्याच्याशिवाय दिलेलं बिल मोठ्या कंपन्यांत टेबलावरच पडून राहतं. परदेशी ग्राहक कर कापून पैसे देणार असेल, तर कापल्याचं प्रमाणपत्र मागा.

अभिप्रायाच्या फॉर्मला किती महत्त्व द्यावं?

पुढचं काम त्यावर मिळतं, म्हणून दुर्लक्ष नको. पण तो फॉर्म जेवण, खोलीतली थंडी आणि शेवटच्या दिवशी किती लवकर सोडलं, हेही मोजतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्यांत, म्हणजे प्रतिक्रिया, शिकणं, कामातलं वर्तन आणि परिणाम यांत, हा फॉर्म पहिल्याच पातळीवर थांबतो. खरं शिकणं बघायचं तर पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तोच प्रत्यक्ष सराव द्या. आणि अभिप्राय शेवटच्या दिवसाची वाट न बघता पहिल्या संध्याकाळीच घ्या, चिठ्ठीवर दोन ओळी: काय समजलं नाही, वेग कसा आहे.

सलग किती आठवडे बाहेर राहावं?

आमच्या मते सलग तीनपेक्षा जास्त नको आणि महिन्यात दोन बरे. दोन बॅचमध्ये निदान तीन मोकळे दिवस नसतील, तर साहित्य जुनं होत जातं, आणि ते आधी वर्गाला कळतं, मग तुम्हाला. घरच्यांना शहर, हॉटेल, विमान क्रमांक आणि ग्राहकाकडच्या माणसाचा नंबर असलेलं एक पान प्रत्येक दौऱ्याआधी द्या.

बॅच चालू असताना आजारी पडलो तर?

बदली प्रशिक्षकाची सोय आधीच करून ठेवा: तुमचा विषय घेणारे दोन जण ओळखीचे हवेत आणि करारात ‘तितक्याच पात्रतेचा बदली प्रशिक्षक चालेल’ असं वाक्य हवं. साहित्य दुसऱ्याला उचलता येईल असं ठेवा, म्हणजे प्रत्येक लॅबची उत्तरं, प्रत्येक भागाला लागणारा वेळ आणि आज कुठवर आलो याची रोजची नोंद. बदली मिळेपर्यंत एक दिवस निभवायचा असेल, तर तिसऱ्या टप्प्याच्या लॅब आणि त्यांच्या लेखी पायऱ्या ग्राहकाच्या माणसाकडे द्या. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्याच बॅगेत ठेवा. काही देशांत साधं वाटणारं सर्दी-खोकल्याचं औषधही नियंत्रित यादीत असतं, तेव्हा निघण्याआधी त्या देशाची यादी बघून घ्या.